चादरीचा चौथा कोपरा

आमच्याकडे ग्राफ पूर्ण काढत नाहीत. पूर्ण काढणारा म्हणजे शिकाऊ. सोलापुरी चादरीची नक्षी डावीकडे असते तशीच उजवीकडे, खाली तशीच वर. म्हणून ग्राफ काढणारा माणूस चौकटीच्या कागदावर एका कोपऱ्याचा पाव भागच काढतो आणि उरलेले तीन कोपरे मागावर उलटवून घेतात. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, जन्मभर असे पाव-पाव भाग काढत आले. शाळेत असल्यापासून मी त्यांच्या शेजारी बसून चौकटी भरायचे. भरलेली चौकट म्हणजे तिथे धागा उचलायचा, रिकामी म्हणजे नाही. चुकले तर अण्णा ओरडायचे नाहीत. हातात ब्लेड द्यायचे आणि चुकलेली शाई मी स्वतः खरवडायची. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

हे सगळं आता आठवायचं कारण, २०१३ मध्ये आम्ही इथे परदेशातच ॲथलोन गाव सोडून ओंगारला राहायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात एका मराठी घरी चहाला गेलो. घर दाखवताना बेडरूममध्ये पलंगावर ती चादर. काळी किनार, आत करडा रंग, मधोमध पायऱ्यापायऱ्यांचे तीन शंकरपाळे, राणी कलरचे. "सोलापूरची आहे, सासूबाईंनी दिली," त्या घरची बाई म्हणाली, "डिझाइन किती वेगळं आहे ना?" मी हो म्हटलं. मग मला राहवलं नाही, मी पलंगापर्यंत गेले आणि वरचा उजवा कोपरा उलटून बघितला. तिला वाटलं असेल, काय बाई आहे ही.

तर ॲथलोनचं सांगते. नवऱ्याला तिथल्या एका टेलिकॉम कंपनीत नोकरी होती म्हणून २००९ मध्ये गेलो. माझ्याकडे टेक्स्टाइलचा डिप्लोमा, सात वर्षं टॉवेल-चादरींच्या डिझाइनचा अनुभव, आणि पासपोर्टवर असा शिक्का, की नवऱ्याबरोबर राहा पण काम करू नका. दुपारी जेवणं झाली की मी ओटा पुसायचे, आणि अर्ध्या तासाने तोच ओटा परत पुसायचे. नवरा म्हणायचा, आराम कर की. आराम हा शब्द मला तेव्हापासून आवडेनासा झाला.

लायब्ररीत दर बुधवारी विणकाम करणाऱ्या बायका जमायच्या, तिथे जायला लागले. विणायला नव्हे, मला सुयांचं काही येत नाही. माणसांत बसायला. एकदा एकीने नातवाचा स्वेटर बघायला दिला. मी तो घेतला आणि सवयीने आधी उलटा केला. समोर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "तू आधी मागची बाजू का बघतेस?"

"पुढची बाजू दाखवायला असते," मी म्हटलं, "काम मागे दिसतं."

त्या हसल्या. आयुष्यभर शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. आपल्याकडे शाळेतल्या शिक्षिकेला बाई म्हणतात, म्हणून मी मनात त्यांना बाईच म्हणायला लागले. "मग माझ्याकडे एक वस्तू आहे," बाई म्हणाल्या, "तिला मागची बाजूच नाही. ये बघायला."

बाईंच्या घरी मागच्या दाराने आत जायचं. मागचं दार थेट स्वयंपाकघरात उघडायचं, तिथे शेगडीची ऊब, मोठमोठे मग, आणि त्यांच्या बोलीत ज्याला प्रेस म्हणतात त्या कपाटात बिस्किटं. घराला पुढचं दारही होतं, पुढची खोलीही होती, तिच्यात कपबशा मांडलेल्या. "तिथे पाद्री आले तर बसवायचं," बाई म्हणाल्या, "नाहीतर ज्यांच्याशी बोलायला काही नाही त्यांना. तू इथे बस."

ती वस्तू शेगडीजवळच्या खुर्चीच्या पाठीवर टाकलेली होती. अमेरिकेतल्या नवाहो लोकांचं जुनं कांबळं. हात लावला आणि मला आपली घोंगडी आठवली, तसाच लोकरीचा खरखरीत स्पर्श; पण वीण इतकी घट्ट की वर पाणी सांडलं तर पुसून घेता येईल. मी ते उलटं केलं. खरंच मागची बाजू नव्हती. दोन्हीकडे तीच नक्षी, तितकीच स्वच्छ, एक गाठ दिसेल तर शपथ. अण्णांनी लग्नात दिलेलं भिंग मी पर्समध्ये ठेवायचे, धागे मोजायचं, पितळी, घडीचं. ते काढून कांबळ्यावर ठेवलं आणि मान वर केली तेव्हा मगमधला चहा गार झाला होता.

त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी मी कोणालातरी काही शिकवलं. बाईंना म्हटलं, बघा, याला दशा नाहीत. आपण उभे धागे कापतो म्हणून टोकाला दशा राहतात. हे जिने विणलं तिने एकच लांब धागा वरून खाली, खालून वर असा फिरवलाय, कापलेलाच नाही, म्हणून चारी कडा बंद. हा करडा रंग रंगवलेला नाही. काळ्या आणि पांढऱ्या मेंढीची लोकर एकत्र पिंजून सूत काढलंय, भिंगातून दोन्ही केस वेगळे दिसतात. काळा मात्र वरून रंगवलाय, कारण काळी मेंढी खरी तपकिरी असते. लाल हा पुडीतला रंग. आणि या तिरक्या रेषा दिसतात का, अगदी बारीक? ती सबंध रुंदी एकदम विणत नव्हती. जमिनीवर मागासमोर बसून हात पोचेल तेवढा भाग विणायची, मग सरकून पुढचा. ही रेषा म्हणजे ती इथून उठून तिथे बसली ती जागा.

बाईंनी त्या रेषेवर बोट ठेवलं. ऐंशीच्या घरातल्या त्या. लहानपणापासून त्या कांबळ्याखाली झोपलेल्या. "हे मला कोणी सांगितलं नव्हतं," म्हणाल्या. मला त्या दिवशी जे वाटलं ते सरळ सांगते: या देशात मी उपयोगाची आहे असं वाटलं.

कांबळं त्यांच्या मामाने आणलेलं. मामा तरुणपणी ॲरिझोनात एका दुकानात कामाला होता. नवाहो बायका तिथे विणलेली कांबळी आणून द्यायच्या आणि पीठ, कॉफी, साखर घेऊन जायच्या. दुकानाचा मालक भिंतीवर चित्रं लावून ठेवायचा: शहरातल्या गिऱ्हाइकांना अशी नक्षी हवी, चारी बाजूंनी अशी काळी किनार हवी, हे बघा आणि विणा. ती चित्रं भिंतीवर ठोकायचं काम मामाचं. त्या बायकांनी कधी कागदावर रेघ काढलेली नव्हती, नक्षी सगळी डोक्यात, आणि एकीचं कांबळं दुसरीसारखं नसायचं. चित्रं लागली तशी कांबळी एकसारखी यायला लागली. मामाला पुढे त्याची लाज वाटायची. हे कांबळं जिने विणलं तिने किनार दिली, पण भिंतीकडे ढुंकून पाहिलं नाही. म्हणून मामाने ते स्वतःसाठी ठेवून घेतलं.

म्हणूनच, मी ग्राफ काढू का असं विचारलं तेव्हा बाई पटकन हो म्हणाल्या नाहीत. "कशाला?"

"मला दुसऱ्या कुठल्या पद्धतीने नीट बघताच येत नाही," मी म्हटलं. हे खरं होतं.

"काढ. पण याच्यावरून दुसरं कोणी विणायचं नाही. कबूल?"

"कबूल." मी हातही पुढे केला. त्यांनी तो धरला.

तो २०१०चा हिवाळा, नळ गोठले होते, रस्त्यावर चालायची सोय नव्हती, तरी मी जायचे. खुर्चीच्या पाठीवरून कांबळ्याचा खालचा डावा कोपरा माझ्या मांडीवर, शेजारी ग्राफ पेपर. पायऱ्यापायऱ्यांची नक्षी चौकटींत अशी बसत होती, जणू त्या विणणारीने आमच्याच घरी शिकून घेतलं होतं. पाव भाग झाला तशी मी पेन्सिल खाली ठेवली. बाईंनी कागद बघितला.

"आणि उरलेलं?"

"उरलेलं तेच आहे. उलटवून घ्यायचं."

"अस्सं?" बाई म्हणाल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, कौतुकाने बघतायत.

अण्णांना त्याच वर्षी अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला, बोलणंही अडखळत. मला जाता आलं नाही. हा ग्राफ त्यांना दाखवावा असं मनात आलं आणि मग दुसरं काही सुचेना. लायब्ररीत स्कॅन केला, धाकट्या भावाला मेल केला. तो आता आमचं काम बघतो, कॉम्प्युटरवर डिझाइन करून कारखान्यांना देतो. मेलमध्ये एवढंच लिहिलं: अण्णांना दाखव. भावाचा फोन आला की अण्णांनी प्रिंट दुपारभर हातातून सोडली नाही, डाव्या हाताने चौकटी मोजत बसले होते. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि बाहेर येऊन वरण-भात लावला.

पुढच्या उन्हाळ्यात आई आली. बॅगेतून शेंगाचटणी, कडक भाकरी, मेतकूट, आणि तळाशी शिवून बंद केलेलं एक बोचकं. "त्याला हात लावू नको, ते तुझं नाही," म्हणाली. बाईंकडे जायचं ठरलं तेव्हा तिने ते बोचकं काखेत मारलं. रिकाम्या हाताने का जायचं गं, माझ्या लेकीला त्यांनी जीव लावलाय. मला वाटलं, लुगड्याचा कपडा असेल, टॉवेल असतील.

स्वयंपाकघरात आईने शिवण उसवली, घडी मोकळी केली, आणि आपल्याकडे सत्कारात शाल पांघरतात तशी ती चादर बाईंच्या खांद्यांवर पांघरली. वर नमस्कार केला. "सांग त्यांना, तुझ्या डिझाइनची आहे. तुझ्या भावाने मागावर घातली. म्हणाला, ताईला सांगू नको, तिला तिथे जाऊन चकित कर."

सांगायची गरजच नव्हती, काळी किनार बाईंच्या गळ्याशी होती. काळा, पांढरा, करडा जागच्या जागी. लालाच्या ठिकाणी राणी, कारण भावाच्या मते गिऱ्हाइकाला राणी हवा असतो. दोन्ही टोकांना दशा.

बाईंनी आईचे हात हातात घेतले, आभार मानले, तिला बसवलं, चहा दिला, बिस्किटं दिली. मग चादर टेबलावर पसरली आणि एकेका कोपऱ्यावरून बोट फिरवलं. चौथ्या कोपऱ्यावर बोट थांबलं. मग उठून त्यांनी खुर्चीवरचं कांबळं काढलं, सगळं, जे मी सबंध हिवाळ्यात एकदाही पूर्ण उघडलं नव्हतं, आणि वरचा उजवा कोपरा माझ्यापुढे ठेवला.

काळ्या किनारीतून एक करडी रेष बाहेर गेली होती. सुतळीएवढी. आतल्या करड्या रंगातून निघून, किनार छेदून, थेट कडेपर्यंत.

"ही तिची बाहेर जायची वाट," बाई म्हणाल्या. "मामा सांगायचा, विणताना ती आपलं सगळं मन त्यात घालते. चारी बाजूंनी किनार बंद केली तर ते आतच राहील, आणि पुढचं कांबळं विणायला तिच्यापाशी काही उरणार नाही. मालकाला किनार हवी होती, ती तिने दिली, पण दार ठेवून." मग म्हणाल्या, "तुला ते आपोआप सापडेल असं मला वाटलं होतं. मी वाट बघत होते. आता तुम्ही तिला आत कोंडलंत. आणि किती वेळा कोंडणार, कोण जाणे."

आईने विचारलं, "काय म्हणतायत गं?"

"आवडली म्हणतायत."

घरी येऊन मी भावाला फोन लावला. आई शेजारच्या खोलीत. मी आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं आणि पहिल्याच वाक्याला चढवला. तुला लाज वाटत नाही का, म्हटलं, मी विश्वासाने एक कागद पाठवते आणि तू त्याचा बाजार मांडतोस? मी त्या बाईंना शब्द दिला होता. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला तोंडघशी पाडलं. अण्णांना हे माहीत आहे का?

"अण्णांनीच सांगितलं की मागावर घाल म्हणून," भाऊ म्हणाला. "ताई, ऐकून तरी घे. झटका आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी मला काम सांगितलं. मी नाही म्हणू?"

"मी फक्त बघायला पाठवला होता."

"बघायला?" तो खरंच गोंधळला होता, हे मला तेव्हाही कळलं आणि त्याचा आणखी राग आला. "बघायला पाठवलेल्या ग्राफवर कोणी फणीचा नंबर लिहितं का? तू खाली फणी लिहिलीस, पिक लिहिलेत, रंगांचा क्रम लिहिलास. मला काय वाटणार?"

मी फोन ठेवून दिला. मूळ कागद कपाटात होता, तो काढला. खाली उजवीकडे, अण्णांनी शिकवलं तसं, माझ्याच अक्षरात सगळं होतं. फणी म्हणजे मागावरची, जिच्या फटींतून उभे धागे ओवतात ती. तिचा नंबर लिहिला की इंचाला किती उभे धागे ते विणणाऱ्याला कळतं, आणि पिक लिहिले की किती आडवे. सवयीने लिहिलं असेल, असं मी स्वतःला समजावून बघितलं. पण नवाहोंच्या मागाला फणी नसतेच. त्या बायका धागे बोटांनी निवडतात आणि लाकडी कंगव्याने आडवा धागा ठोकतात. कांबळ्यावर फणीचा नंबर कुठून येणार? तो नंबर मी आमच्या सोलापूरच्या मागासाठी हिशेब करून काढला होता. बाईंच्या स्वयंपाकघरात बसून, त्यांचा चहा पीत. सुती धाग्यात हे किती बसेल, याचा.

तरीही आठवडाभर मी भावावरच धुमसत राहिले. ते सोपं होतं. त्याने मला विचारायला नको होतं का? विचारायला हवंच होतं, हे मी आजही म्हणते.

पुढच्या बुधवारी बाईंच्या घरी गेले. मागच्या दारावर टकटक केली. बाईंनी खिडकीतून पाहिलं, हात केला, आणि काचेतूनच म्हणाल्या, "पुढून ये, उघडते."

पुढची खोली गार होती. कपबशा आधीच मांडलेल्या. बाईंनी मला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, आई कशी आहे विचारलं, हवा कशी आहे ते सांगितलं. बशी हातात धरून मी बसले होते आणि घरून पाठ करून आणलेलं एकही वाक्य आठवत नव्हतं. शेवटी त्यांनीच माझं काम सोपं केलं.

"भावाचं काम असणार ते," म्हणाल्या.

"हो."

"तू त्याला सांगितलं असशील ना, विणू नको म्हणून."

आयुष्यभर वर्गापुढे उभ्या राहिलेल्या त्या. त्या कशा बघत होत्या ते मला माहीत होतं; सातवीत आमच्या बाई तशाच बघायच्या, उत्तर आधीच ठाऊक असताना. मला नाही म्हणायचं होतं. नाही, सांगितलं नव्हतं, फणी मीच लिहिली होती. एवढंच.

"हो," मी म्हटलं, "सांगितलं होतं."

"मग तू तरी काय करणार," बाई म्हणाल्या. "इट्स ग्रँड." त्यांच्या बोलीत याचा अर्थ एवढाच, की जाऊ दे, काही बिघडलं नाही. "साखर?"

निघताना स्वयंपाकघराचं दार किलकिलं होतं. शेगडीजवळच्या खुर्चीच्या पाठीवर आईची चादर होती, नीट पसरलेली. कांबळं नव्हतं. बाईंनी पुढचं दार पूर्ण उघडून धरलं, पाहुण्यांसाठी धरतात तसं, आणि म्हणाल्या, "आईला सांग, चादर फार उबदार आहे. मनापासून दिलेली आहे, मी वापरतेय."

मी आईला ते तसंच सांगितलं. ती एवढी खूष झाली की तिथल्या तिथे तिने भावाला फोन लावला: बाईंना फार आवडली रे, रोज वापरतात, एवढंसुद्धा तोंड वाकडं केलं नाही. मग फोन माझ्या कानाला लावला.

"बघ," भाऊ म्हणाला, "उगाच माझ्यावर चिडलीस."

"हो रे," मी म्हटलं. "उगाच."